कार्ड हातात आले, दवाखान्याचे काय?

योजनेला नाव देता येते, तिचे उद्घाटन करता येते, निवडणुकीत तिचा हिशेब मांडता येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातील रिकाम्या खुर्चीचे तसे नसते. गेल्या तीन दशकांत महाराष्ट्राचे आरोग्य धोरण ज्या वळणाने गेले, त्यामागील राजकारणाचा हा मागोवा.

राज्याच्या आरोग्य धोरणातील विसंगती समजून घ्यायची असेल, तर २०२३ या एकाच वर्षातील तीन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. त्या वर्षी २८ जून रोजी राज्य मंत्रिमंडळाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्वांसाठी खुली करण्याचा निर्णय घेतला. पिवळ्या वा केशरी शिधापत्रिकेची अट दूर करून राज्यातील प्रत्येक कुटुंबाला वर्षाकाठी ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आणि १३५६ उपचारांची यादी, असे या निर्णयाचे स्वरूप होते. दीड महिन्याने, ऑगस्टमध्ये, ठाणे महापालिकेच्या कळवा येथील रुग्णालयात एका दिवसात १८ रुग्ण दगावले. ऑक्टोबरच्या आरंभी नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्णांचा मृत्यू झाला आणि त्यांत १२ नवजात अर्भके होती.

नांदेडच्या घटनेनंतर अपेक्षेप्रमाणे आरोप-प्रत्यारोप झाले. औषधे नव्हती, असे विरोधक म्हणाले. औषधांचा तुटवडा नव्हता, अत्यवस्थ रुग्ण अखेरच्या क्षणी आमच्याकडे पाठविले जातात, असे प्रशासनाने सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकरणाची दखल घेतली. न्यायालयाने जे विचारले ते मात्र फार साधे होते. मंजूर पदे किती, त्यांपैकी रिक्त किती आणि आरोग्यावर तरतूद किती? सर्व नागरिकांना ५ लाखांचे संरक्षण देऊ करणाऱ्या राज्याला स्वतःच्या रुग्णालयातील रिकाम्या जागांचा हिशेब न्यायालयात द्यावा लागावा, हे कसे घडले? त्याचे उत्तर वैद्यकशास्त्रात सापडणार नाही. ते राजकारणात शोधावे लागते.

जामखेडने दाखविलेली वाट

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशापुढे आरोग्यसेवेचा एक स्पष्ट आराखडा होता. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ मध्ये नेमलेल्या समितीने १९४६ मध्ये आपला अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांपासून वंचित राहू नये, हे या अहवालाचे मूलसूत्र होते. दहा ते वीस हजार लोकसंख्येमागे ७५ खाटांचे प्राथमिक केंद्र हे या समितीचे दीर्घकालीन उद्दिष्ट होते. सामुदायिक विकास कार्यक्रमाबरोबर १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. परंतु भोर समितीने कल्पिलेल्या आकाराच्या जवळपासही ती गेली नाहीत. मैदानी भागात ३० हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक छोटे केंद्र, हा आज रुळलेला निकष आहे.

या अपुऱ्या व्यवस्थेतून वाट काढण्याचे दोन महत्त्वाचे प्रयोग महाराष्ट्राच्याच मातीत झाले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आरोग्यसेविका म्हणून उभे केले. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत जगाने ‘सर्वांसाठी आरोग्य’ हे उद्दिष्ट स्वीकारले, त्याआधीच जागतिक आरोग्य संघटनेने जामखेडच्या कामाची नोंद घेतली होती. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील प्रशिक्षित स्त्रीच घरोघरी जाऊन नवजात बालकांचे प्राण वाचवू शकते, हे दाखवून दिले. तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने २००५ पासून देशभर ‘आशा’ कार्यकर्ती नेमल्या, त्यामागे अशा प्रयोगांचा अनुभव होता.

म्हणजे कमी खर्चात, गावपातळीवर काय करता येते याचे ज्ञान महाराष्ट्राला बाहेरून आणावे लागले नाही. ते ज्ञान कायमस्वरूपी पदे, नियमित वेतन आणि औषधांचा अखंड पुरवठा यांत उतरविण्याची राजकीय निकड मात्र कधी निर्माण झाली नाही. ज्या आशांच्या जोरावर ही सारी व्यवस्था गावात उभी आहे, त्यांना ‘स्वयंसेविका’ ठरवून वेतनाऐवजी मोबदला दिला जातो. आणि मानधनवाढीसाठी २०२३-२४ मध्ये त्यांना संप करून मुंबईच्या आझाद मैदानात ठाण मांडावे लागले.

‘जीवनदायी’ ते ‘जन आरोग्य’

आरोग्य केंद्रांची ही उपेक्षा चालू असतानाच धोरणाला दुसरे वळण लागले. युती सरकारच्या काळात, १९९७ मध्ये, दारिद्र्यरेषेखालील रुग्णांच्या हृदय, मेंदू आणि मूत्रपिंडाच्या गंभीर आजारांवरील उपचारांसाठी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. तिचा आवाका मर्यादित होता. या कल्पनेला खरे राजकीय बळ मिळाले ते शेजारच्या आंध्र प्रदेशात. मुख्यमंत्री वाय. एस. राजशेखर रेड्डी यांनी २००७ मध्ये ‘आरोग्यश्री’ योजना आणली. गरीब कुटुंबाने कार्ड दाखवावे, खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया करून घ्यावी आणि बिल सरकारने भरावे, अशी ही रचना होती. २००९ ची विधानसभा निवडणूक रेड्डी यांनी पुन्हा जिंकली. या विजयाची कारणे अनेक असतील. पण ‘आरोग्यश्री’ मते मिळवून देते, हा धडा देशभरातील राजकारण्यांनी घेतला. त्याच वर्षी तमिळनाडूत आणि लगोलग कर्नाटकात तशा योजना आल्या. केंद्राने २००८ मध्येच ३० हजार रुपयांच्या संरक्षणाची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना सुरू केली होती.

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत ‘राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना’ सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबांना दीड लाख रुपयांपर्यंत ९७१ उपचार तीत मिळत. सत्तांतरानंतर २०१७ मध्ये तिचे नाव ‘महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना’ झाले. केंद्राची ‘आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजना’ २३ सप्टेंबर २०१८ रोजी आली. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेतील पात्र कुटुंबांना तिने ५ लाखांचे संरक्षण दिले. २०२० मध्ये राज्याने दोन्ही योजना एकत्र राबविण्यास आरंभ केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने ७० वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न न पाहता, ‘आयुष्मान’मध्ये सामावून घेतले.

या योजनांच्या नावांवरूनही राजकारणाचा अंदाज येतो. सरकार बदलले की पाटी बदलते, आतील रचना मात्र बहुतांशी तीच राहते. राज्य-केंद्र संबंधांचीही छाया येथे पडते. पश्चिम बंगालने जानेवारी २०१९ मध्ये ‘आयुष्मान’मधून अंग काढून घेतले. ओडिशा आणि दिल्ली या दोन्ही ठिकाणी सत्तांतर झाल्यानंतरच, २०२५ मध्ये, ती योजना स्वीकारली गेली. श्रेय कोणाचे, कार्डावर छायाचित्र कोणाचे, हे रुग्णाच्या दृष्टीने गौण असलेले मुद्दे निर्णयाच्या वेळी निर्णायक ठरतात.

कार्डाची लोकप्रियता

या योजना निरुपयोगी आहेत असे कोणी म्हणणार नाही. हृदयशस्त्रक्रिया, डायलिसिस, केमोथेरपी यांसारखे उपचार ज्यांच्या आवाक्याबाहेर होते, अशा असंख्य कुटुंबांना त्यांनी जमीन वा दागिने विकण्यापासून वाचविले आहे. प्रश्न आहे तो राज्यकर्त्यांचा ओढा याच एका मार्गाकडे का, हा.

पहिले कारण वेळेचे. वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे मंजूर करणे, भरती करणे, निवासस्थाने बांधणे, औषधखरेदीची घडी बसविणे यांस दहा वर्षे लागतात. निवडणूक पाच वर्षांनी येते. कार्डवाटप काही महिन्यांत करता येते. दुसरे कारण दृश्यतेचे. ‘आपल्यावर सरकारने शस्त्रक्रिया केली’ हे कुटुंब विसरत नाही. गावात वेळेवर लसीकरण झाल्यामुळे जे मूल आजारीच पडले नाही, त्याच्या आईवडिलांना मात्र काही घडल्याचे जाणवतही नाही. तिसरे कारण हितसंबंधांचे. या रचनेत सरकारी पैसा खासगी रुग्णालयांकडेही जातो. दर कमी आहेत, देयके वेळेवर मिळत नाहीत, अशा अंगीकृत रुग्णालयांच्या तक्रारी नेहमीच्या आहेत. तरीही या मार्गात कोणाचा मोठा संघटित विरोध ओढवून घ्यावा लागत नाही.

याची किंमत कोठे मोजावी लागते? या योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णासाठी आहेत. भारतीय कुटुंबाच्या खिशातून जाणाऱ्या आरोग्यखर्चाचा मोठा भाग मात्र बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधे यांवर होतो. मधुमेह व रक्तदाबाच्या दरमहाच्या गोळ्या, मुलाचा ताप, वारंवार कराव्या लागणाऱ्या रक्ततपासण्या या गोष्टी कार्डाच्या कक्षेबाहेर राहतात. रक्तदाबाची गोळी वेळेवर न मिळालेला माणूस पुढे पक्षाघात होऊन रुग्णालयात येतो, तेव्हा त्याला कार्ड उपयोगी पडते. शिवाय ज्या जिल्ह्यांत मोठी रुग्णालयेच नाहीत, तेथील रुग्णाने कार्ड घेऊन जावे कोठे? मुंबई-पुण्यातील कार्डधारकापुढे जी निवड आहे, ती धडगाव वा भामरागडच्या रुग्णापुढे नाही.

सरकारांना याची जाणीव नाही असेही नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत आणि १ मे २०२३ पासून राज्यभर ‘हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे आपला दवाखाना’ हा उपक्रम सुरू झाला. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क करण्यात आले. वस्तीतल्या साध्या दवाखान्यालाही राजकीय मोल येऊ शकते, हे यावरून दिसते. आता कसोटी आहे ती डॉक्टर, परिचारिका आणि औषधे तेथे वर्षानुवर्षे टिकवून धरण्याची.

नियमनाचा कडू डोस

आरोग्य सुधारणेची तिसरी बाजू सर्वांत अवघड आहे आणि म्हणूनच सर्वांत मागे पडली आहे. ती म्हणजे खासगी वैद्यकीय क्षेत्राचे नियमन. संसदेने २०१० मध्ये वैद्यकीय आस्थापना (नोंदणी व नियमन) कायदा संमत केला. किमान दर्जा, दरपत्रक, उपचारांच्या नोंदी यांची सक्ती त्यात होती. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने तो स्वीकारायचा की नाही, हे राज्यांवर होते. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. स्वतंत्र कायद्याचा मसुदा २०१४ मध्ये तयार झाला. त्याचा कायदा काही झाला नाही. परिणामी राज्यातील शुश्रूषागृहांची मदार १९४९ च्या नोंदणी कायद्यावर राहिली. जानेवारी २०२१ मध्ये त्याखालील नियम सुधारण्यात आले. ठरावीक सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे त्यानुसार बंधनकारक झाले. आपण कोणत्याही खासगी रुग्णालयात गेलात, तर हा फलक शोधून पाहावा. तो नसेल, तर विचारणा करण्याचा आपणास अधिकार आहे.

डॉक्टरांच्या आक्षेपांत तथ्य नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयांचे निकष दहा खाटांच्या शुश्रूषागृहाला लावले तर ती बंद पडतील, परवान्यांच्या नावाखाली ‘इन्स्पेक्टर राज’ येईल आणि शेवटी रुग्णालाच महाग उपचारांकडे जावे लागेल, ही भीती निराधार नाही. परंतु या भीतीवर तोडगा काढण्याऐवजी कायदाच बाजूला ठेवण्याचा मार्ग सोयीचा ठरला. कर्नाटकात नोव्हेंबर २०१७ मध्ये खासगी डॉक्टरांच्या संपानंतर नियमनाच्या विधेयकातील तरतुदी सौम्य कराव्या लागल्या. राजस्थान विधानसभेने २१ मार्च २०२३ रोजी आरोग्य हक्काचा कायदा संमत केला. आणीबाणीच्या प्रसंगी आगाऊ पैसे न घेता उपचार मिळावेत, ही त्यातील कळीची तरतूद. खासगी डॉक्टरांनी काम बंद ठेवले आणि ४ एप्रिलला सरकारने समझोता केला. ५० पेक्षा कमी खाटांची तसेच सरकारी सवलत न घेतलेली खासगी रुग्णालये कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे मान्य झाले.

या दोन्ही प्रसंगांत एक समान सूत्र आढळते. सुधारणेमुळे ज्यांचे नुकसान होणार, ते संघटित असतात आणि आपले काय जाणार हे त्यांना नेमके ठाऊक असते. ज्यांचा लाभ होणार, ते विखुरलेले असतात. आपण उद्या आजारी पडणार आहोत याची त्यांना आज कल्पनाही नसते. रुग्णांची संघटना असते, पण निरोगी माणूस तिचा सभासद होत नाही आणि बरा झालेला माणूस तिच्या सभेला जात नाही. मंत्र्यांच्या दालनात म्हणूनच एका बाजूचा आवाज अधिक ऐकू जातो.

इच्छा असेल तर नियमन शक्य आहे, याचेही दाखले आहेत. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने हृदयविकाराच्या रुग्णांना बसविल्या जाणाऱ्या औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरविली; त्याआधी ती लाखाच्या घरात जात असे. करोनाच्या साथीत, मे २०२० मध्ये, महाराष्ट्र सरकारने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांसाठी दर बांधून दिले. साध्या खाटेला दिवसाला ४ हजार, अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरविना साडेसात हजार आणि व्हेंटिलेटरसह ९ हजार रुपये, असे ते दर होते. अंमलबजावणीत पळवाटा निघाल्या आणि जादा बिलांच्या तक्रारी झाल्या. तरीही तक्रार करण्यासाठी एक आधाररेषा रुग्णाच्या हाती होती. साथ ओसरली, तसे आदेशही मागे पडले.

धर्मादाय रुग्णालयांची कथा अशीच आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या आहेत. नियम स्पष्ट आहे. तो ठाऊक असलेले आणि त्यासाठी खिडकीशी भांडू शकणारे रुग्ण मात्र थोडे.

आधी दवाखाना, मग कार्ड

कार्ड आणि दवाखाना यांत वैर असण्याचे कारण नाही, हे थायलंडने सिद्ध केले. तेथे १९७० च्या दशकापासून नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा सक्तीची करण्यात आली आणि पुढील दोन दशकांत जिल्ह्याजिल्ह्यांत रुग्णालयांचे जाळे विणले गेले. २००१ च्या निवडणुकीत थाकसिन शिनावात यांनी ३० बातमध्ये उपचार देण्याचे आश्वासन दिले. ते निव्वळ लोकानुनयी ठरविले गेले. पण आश्वासन पाळण्यासाठी लागणारी रुग्णालये आधीच उभी होती. २००२ मध्ये त्याचा कायदा झाला. पुढे सरकारे उलथली, लष्करी राजवटी आल्या, योजना टिकली.

देशातही तमिळनाडूचे उदाहरण आहे. १९९४ मध्ये तेथे सरकारी औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले आणि द्रमुक असो वा अण्णाद्रमुक, ते मोडण्याचे धाडस कोणी केले नाही. महाराष्ट्रात २०१७ मध्ये खरेदीचे काम हाफकिन महामंडळाकडे सोपविले गेले आणि विलंबाच्या तक्रारींनंतर २०२३ मध्ये स्वतंत्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा करण्यात आला. तमिळनाडूने जे पाऊल उचलले, तेथे पोहोचण्यास आपल्याला जवळपास तीन दशके लागली.

आणि शेवटी पैशाचा प्रश्न येतोच. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये, म्हणजे करोनाचा वाढीव खर्च धरूनही, तो १.८४ टक्के होता. याच लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातील वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून ३९.४ टक्क्यांवर आला. सरकार हे आपले यश मानते, तर काही अभ्यासक मोजणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतात. सरकारी आकडा जसाच्या तसा स्वीकारला, तरी प्रत्येक शंभर रुपयांतील जवळपास चाळीस रुपये रुग्ण स्वतःच भरतो, हे उरतेच.

मतदाराचे तीन प्रश्न

पश्चिम बंगालमधील एक शेतमजूर १९९२ मध्ये रेल्वेतून पडून जखमी झाला आणि एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला खाट नाही म्हणून परत पाठविले. त्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला २५ हजार रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला आणि निधीच्या टंचाईची सबब सांगून राज्याला ही घटनात्मक जबाबदारी टाळता येणार नाही, असे बजावले. त्या निकालाला आता तीन दशके होत आहेत. न्यायालय हक्क सांगू शकते. खाट, डॉक्टर आणि औषध यांची व्यवस्था सरकारलाच करावी लागते. आणि सरकारला ती करावयास लावणे मतदाराच्या हाती आहे.

महापालिकेची निवडणूक असो वा विधानसभेची, दारात आलेल्या उमेदवाराला रस्ते आणि पाणी यांविषयी आपण विचारतो. त्याच वेळी आणखी तीन प्रश्न विचारावेत. आमच्या वस्तीतील सरकारी दवाखान्यात मंजूर पदांपैकी किती भरली आहेत? मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्या तेथे महिनाभर सलग मिळतात का? खासगी रुग्णालयांच्या दरांवर देखरेख ठेवणाऱ्या कायद्याबाबत आपल्या पक्षाची भूमिका काय? कार्ड आपल्या पाकिटात आहेच. ते वापरण्याची वेळ शक्यतो येऊ नये, याची व्यवस्था कोण करणार, हे विचारण्याची वेळ निवडणुकीचीच असते. आजारपणात ते सुचत नाही.